हॉटेलचं मेंटेनन्स नीट चाललंय का, कसं ओळखायचं?

अंधेरीकर:
मामांचं अंधेरी पूर्वेला ४८ खोल्यांचं हॉटेल आहे, बिल्डिंग १९९१ ची, त्यांची तब्येत बरी नसते म्हणून आता मी बघतोय. मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टवर दिलंय, रजिस्टर एकदम टापटीप, रोज 'ओके' आणि सही, तरी गेस्टची कुरकुर काही थांबत नाही. पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे. कशावरून ठरवू?

पाना_पक्कड:
दादा, रजिस्टर बाजूला ठेवा आणि रिसेप्शनची तक्रारवही घेऊन बसा. ६ महिन्यांच्या तक्रारी खोलीवार लावा. एकाच खोलीत तेच दुखणं परत परत येत असेल तर तिथे दुरुस्ती झालेलीच नाही. मी कुलाब्यात एका हॉटेलात इंजिनीअरिंगला होतो, तिथे एका खोलीत सीलिंगला डाग यायचा की पुट्टी मारून रंग, परत डाग, परत रंग, वर्षभर हेच, शेवटी फॉल्स सीलिंग उघडलं तर चिल्ड वॉटरच्या (एसीच्या थंड पाण्याच्या) पाइपचं इन्सुलेशन फाटलेलं आणि पाइपला घाम सुटून थेंब थेंब पाणी खाली. तोवर रंगाऱ्यालाच पैसे गेले. अजून एक बघा, ठरवून केलेली कामं किती आणि मोडल्यावर धावत जाऊन केलेली किती. धावपळच जास्त असेल तर सर्व्हिसिंग कागदावरच होतंय.

लिननरूम:
हाउसकीपिंगच्या मुलींना विचारा हो! एसीचा ड्रेन ट्रे तुंबला की कुबट वास सगळ्यात आधी त्यांना येतो, पण त्यांचं कोणी लिहूनच घेत नाही.

गच्चीवरून:
फायरचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा, लायसन्सवाल्या एजन्सीकडूनच लागतो, तो बघा, पण गच्चीवरचा हायड्रंट (आगीसाठीचा पाण्याचा नळ) स्वतःसमोर उघडायला लावा, प्रेशर तिथेच कळतं. बिल्डिंग ३० वर्षांच्या वर गेलीये म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का तेही विचारा. आपल्याकडची खारी हवा, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट सोलून काढते, म्हणून टॉयलेटच्या डक्टमध्ये (पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) टॉर्च घेऊन बघाच. गरम पाणी सेंट्रल असेल तर टाकीत ६० अंशांच्या खाली नको, लिजिओनेला नावाचा आजार पसरवणारा जंतू वाढतो.

अंधेरीकर:
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री वही घेऊन बसलो. ३०७ मध्ये एसी गळतो अशी ५ वेळा तक्रार, आणि रजिस्टरमध्ये त्या पाचही दिवशी 'ओके'. रिन्यूअल थांबवलंय, उद्या सुपरवायझरला घेऊन ३०७ चं सीलिंग उघडतोय.