इंटर्नशिप पुण्यातील कंपनीत करावी की सांगलीच्या मार्केट यार्डात?

प्रश्न : मी सांगलीत एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी पुण्यातील एका मोठ्या कंपनीचा विपणन विभाग आणि येथील एका हळद अडत्याची पेढी, असे दोन पर्याय समोर आहेत. पेढीवरच बसायचे तर एमबीए कशाला, असे वडील विचारतात. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : मी पुण्यात गेलो होतो. पहिले तीन आठवडे केवळ एक्सेलमध्ये आकडे भरण्यात गेले. मात्र एका आढावा बैठकीत साहेबांनी, ‘हा आकडा कोणाला विचारून काढलास?’ असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून प्रत्येक आकड्याशेजारी मी त्याचा स्रोत लिहितो. आपले मार्गदर्शक कोण आणि काम कोणते, हे आधीच लेखी विचारून घ्यावे.

उत्तर २ : माझे मत पेढीच्या बाजूने आहे. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु सौद्यात व्यापारी आजही हळकुंड मोडून आतला रंग पाहतो आणि मोडतानाच्या आवाजावरून वाळवण ओळखतो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांपासून (हळद साठवण्याच्या जमिनीखालील खड्ड्यांपासून) शीतगृहांपर्यंत साठवणूक कशी बदलली, मानांकनाचा लाभ शेतकऱ्याच्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीत) दिसतो का, हे तपासणारा प्रकल्प कोणत्याही मुलाखतीत ठामपणे मांडता येईल. वडिलांना एकदा सकाळच्या सौद्याला सोबत न्यावे.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. उद्याच दोन्हीकडे कामाचे स्वरूप लेखी मागते.