उबुंटूवर एकाच लॉगिनने माडीवरच्या पीसीवर पण आणि खाली लॅपटॉपवरून पण डेस्कटॉप, दोन्ही एकदम चालतं का?

विहीर_नकाशा
नमस्कार मंडळी, दोन दिवस यात गेलेत म्हणून शेवटी विचारतेय. घरी माडीवर पीसी आहे, उबुंटू २२.०४, नेहमीचा ग्नोम डेस्कटॉप. माण तालुक्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीचे नकाशे करते क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये, धाकटा भाऊ मदतीला आहे, तो वर माझ्याच लॉगिनने बसून टोपोशीटवरचे ओढे ट्रेस करतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला उठायला बसायला कुणीतरी लागतं म्हणून मी खाली जुना लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ असते आणि तिथून पीसीवर काम करायचंय.

एक्सआरडीपी टाकलं, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून डेस्कटॉप उघडता येतो ते. भाऊ लॉगआउट असेल तर मस्त चालतं. पण तो वर बसलेला असताना मी कनेक्ट केलं की पासवर्ड घेतं, दोन सेकंद काळा स्क्रीन आणि विंडो बंद, एरर वगैरे काही नाही. त्याला दर वेळी उठवायचं तर कामच होत नाही. मला त्याचा स्क्रीन बघायचा नाहीये, माझा वेगळा डेस्कटॉप हवाय, पण फाइली त्याच. होईल का हे?

रात्रपाळी_ॲडमिन
होईल, पण दोन्हीकडे ग्नोम ठेवून नाही होणार. कारण सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. तुम्ही कितीही वेळा लॉगिन केलं तरी सिस्टमडी, म्हणजे उबुंटूत सगळ्या सेवा चालू करणारा प्रोग्राम, एका युजरसाठी एकच मॅनेजर चालवतो आणि त्याच्याबरोबर डीबस, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना निरोप पाठवतात ती बस, पण एकच, तुमचा युजर नंबर १००० असेल तर रन फोल्डरमध्ये युजर, त्यात १०००, तिथेच ती बस असते. ३.३४ पासून, म्हणजे २०१९ पासून, ग्नोम आपलं सगळं सेशन या मॅनेजरकडूनच सुरू करून घेतो. वर भावाचं ग्नोम आधीच चालू, खालून दुसरं सुरू करायला गेलात की मॅनेजर म्हणतो हे तर चालूच आहे, आणि तुमचं नवीन सेशन तिथेच संपतं. तो काळा स्क्रीन हाच.

रिमोटसाठी एक्सएफसीई हा दुसरा, हलका डेस्कटॉप टाका. होम फोल्डरमध्ये डॉट एक्ससेशन नावाची फाइल करून त्यात एकच ओळ, एक्सएफसीई४-सेशन. भावाचं ग्नोम तसंच राहू दे.

कोकणी_कीबोर्ड
ताई, भावाला वेगळा युजरच करून द्या ना, एका लॉगिनवर दोघं कशाला? दोघांना एका ग्रुपमध्ये घाला आणि नकाशांच्या फोल्डरला सेटएफएसीएल कमांडने डीफॉल्ट परवानगी द्या, म्हणजे नवीन फाइल कुणीही केली तरी दुसऱ्याला लिहिता येईल. माझ्या मते हाच सरळ रस्ता. आणि विंडोज असतं तर हा प्रश्न विचारायलाच मिळाला नसता, १० किंवा ११ च्या प्रो मध्ये एका वेळी एकच सेशन, तुम्ही रिमोटने शिरलात की समोर बसलेल्याचा स्क्रीन लॉक. सर्व्हरवर ॲडमिनच्या कामाला दोन मिळतात.

विहीर_नकाशा
@कोकणी_कीबोर्ड वेगळा युजर नंतर नक्की करेन, पण प्रोजेक्ट फाइलींमध्ये काही ठिकाणी माझ्या होमचे पूर्ण पाथ आहेत, ते सगळे बदलायला आत्ता वेळ नाही, महिनाअखेर रिपोर्ट द्यायचाय.

@रात्रपाळी_ॲडमिन एक्सएफसीई आलं!! भाऊ वर बसलेला असताना आलं, खूप आभार. पण आता एक विचित्र होतंय. मी इथे ग्नोम टर्मिनलवर क्लिक केलं, इथे काहीच उघडलं नाही, परत क्लिक केलं, परत नाही, आणि तेवढ्यात वरून भाऊ ओरडला की अगं माझ्या नकाशावर हे काळे चौकोन कुठून येतायत. माझे टर्मिनल त्याच्या स्क्रीनवर उघडत होते.

रात्रपाळी_ॲडमिन
हे बरोबर पकडलंत, हीच ती एक बस. ग्नोम टर्मिनलचा सर्व्हर भावाच्या सेशनमध्ये आधीच चालू आहे, तुम्ही क्लिक करता तेव्हा बसवरून त्याला निरोप जातो आणि तो बिचारा त्याला दिसतो त्या स्क्रीनवर खिडकी उघडतो. तुमच्या सेशनला स्वतःची बस द्यायला हवी.

ईटीसीमध्ये एक्सआरडीपीचं फोल्डर आहे, त्यात स्टार्टडब्ल्यूएम नावाची स्क्रिप्ट. आधी तिची कॉपी काढून ठेवा. मग शेवटी जिथे एक्ससेशन चालवलंय त्याच्या वर दोन ओळी, दोन्ही अनसेटच्या, एक डीबस सेशन बस ॲड्रेस आणि दुसरी एक्सडीजी रनटाइम डिर, व्हेरिएबल कॅपिटलमध्ये आणि शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर. दोन्ही हव्यात, नुसती पहिली घातली तर उबुंटूची स्क्रिप्ट दुसरीवरून जुनाच पत्ता परत शोधून काढते. डीबस-एक्स११ पॅकेज पण असू द्या, नवीन बस तेच सुरू करतं. मग एक्सएफसीईतून लॉगआउट करून परत या, नुसती विंडो बंद करू नका, विंडो बंद केली तर जुनंच सेशन मागे चालू राहतं आणि तुम्ही परत त्यातच जाता.

एक त्रास होईल तो आत्ताच सांगतो, स्नॅपचा, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेज पद्धतीचा, फायरफॉक्स अशा सेशनमध्ये बऱ्याचदा सुरूच होत नाही, स्नॅप सीग्रुप (प्रोसेसचा गट) नाही म्हणून तक्रार करतो. मोझिलाच्या स्वतःच्या रेपोमधून, म्हणजे पॅकेजच्या साठ्यातून, डेब पॅकेज घ्या. त्याचं प्रोफाइल वेगळ्या जागी असतं, त्यामुळे भावाच्या उघड्या फायरफॉक्सशी प्रोफाइलच्या लॉकवरून भांडण पण होणार नाही.

नकाशेवाल्या_काकू
अगं डेस्कटॉपचं झालं पण डेटाचं बघ. तुमचे लेअर जिओपॅकेजमध्ये आहेत ना? ती आतून एसक्यूलाइट डेटाबेसची एकच फाइल असते, तिच्यात एका वेळी एकालाच लिहिता येतं. दोघांनी एकाच फाइलमध्ये एडिट चालू ठेवलं आणि एकदम सेव्ह केलं तर डेटाबेस लॉक्ड येणार, आणि ज्याचं सेव्ह झालं नाही त्याने घाबरून क्यूजीआयएस बंद केलं तर केलेलं काम गेलं. ओढ्यांची एक फाइल त्याची, विहिरींची दुसरी तुझी, असं वेगळं कर. क्यूजीआयएसचं प्रोफाइल पण वेगळं घे, प्रोफाइल ऑप्शन देऊन सुरू करता येतं, नाहीतर टूलबार आणि प्लगिनच्या सेटिंग एकमेकांच्या पुसत बसाल. पाठीशी रोजचा बॅकअप ठेव.

आणि एक्सआरडीपीचा ३३८९ पोर्ट राउटरवरून बाहेर उघडू नकोस हं, घरातल्या घरात आहे तोवर ठीक. बाहेरून लागलंच तर एसएसएचच्या, म्हणजे सुरक्षित कनेक्शनच्या, बोगद्यातून ये. आईची काळजी घे.

विहीर_नकाशा
झालं!!! दोन अनसेट घातले, लॉगआउट करून परत आले, टर्मिनल इथेच उघडलं. लॉगिनसीटीएल कमांडने कोण कोण लॉगिन आहे ते बघितलं तर माझ्या नावाची दोन सेशन शेजारी शेजारी दिसतायत. फायरफॉक्स खरंच चालत नव्हता, डेब टाकला. काकू, लॉक्डचा मेसेज मागच्या आठवड्यात भावाला आला होता, मीच माझी कॉपी वर दोनदा उघडी ठेवली होती असं आता कळतंय, तेव्हा तर डिस्क खराब झाली की काय म्हणून आम्ही रात्री एकपर्यंत तपासत बसलो होतो. फाइली आज वेगळ्या केल्या. तो वर ओढे काढतोय, मी खाली ४२ विहिरींच्या मे महिन्याच्या पातळ्या भरल्या, आणि मधे दोनदा आईला अंगणापर्यंत चालवून आणलं.