मदत हवी आहे: खड्ड्यानंतर स्टिअरिंग झटके मारतं, डँपर बदलू की आधी दुसरं काही बघू?

नमस्कार मंडळी,

माझी गाडी फोर बाय फोर आहे, पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड दांडा) आणि कॉइल स्प्रिंग. 2 इंचांचा लिफ्ट (गाडी उंच करणारा किट) आणि मोठे टायर बसवल्यापासून हा त्रास आहे. सपाट रस्त्यावर गाडी सरळ पळते. पण 60-65 च्या वेगात पुढचं एक चाक खड्ड्यातून किंवा पुलाच्या सांध्यावरून गेलं की स्टिअरिंग एकदम डावी-उजवीकडे झटके मारायला लागतं. दोन्ही हातांनी घट्ट धरलं तरी थांबत नाही. वेग 25-30 पर्यंत उतरला की आपोआप शांत होतं.

चाकांचं बॅलन्सिंग पुन्हा करून घेतलं, पुढचे टायर मागे टाकून बघितले, फरक शून्य. गॅरेजवाले म्हणतात स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) गेलाय, नवा टाका. मला ते पटत नाही. डँपर काढून हाताने दाबला आणि ओढला, दोन्हीकडे सारखा जोर लागतो आणि तेलही गळत नाही.

मागच्या सीटवर मुलं असतात, त्यामुळे कारण सापडेपर्यंत मोठ्या रस्त्यावर गाडी काढायची नाही असं ठरवलंय. तपासायला कुठून सुरुवात करू? आणि चालवताना हे सुरू झालंच तर नेमकं काय करायचं?

डोंगरवाट:
ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग धरून ठेवा पण अंगठे आत अडकवू नका, ब्रेक हलकेच दाबत वेग उतरवा आणि बाजूला थांबा. वेग वाढवून त्यातून पार व्हायचा प्रयत्न कधीच करू नका.

आता कारण. बॅलन्सिंगची थरथर ठरावीक वेगाला येते, तिला खड्डा लागत नाही. तुमच्याकडे एका धक्क्याने सुरू होऊन पुढचा अख्खा ॲक्सल स्वतःच हलत राहतोय, म्हणजे कुठेतरी ढिलाई आहे. नवा डँपर ती ढिलाई काही काळ झाकेल, आणि ते जास्त धोक्याचं.

गाडी जमिनीवरच ठेवा, जॅक लावू नका. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण लावा, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, तुम्ही पुढच्या पॅनहार्ड रॉडची (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा, चॅसीला जोडलेला आडवा रॉड) दोन्ही टोकं बघा. रॉड हलण्याआधी बोल्ट भोकात सरकतो का? बुश (टोकातलं रबर) दबून रॉड बाजूला जातो का? मग ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा रॉड), टाय रॉड एंड (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या रॉडची टोकं) आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट. ही तपासणी इतकी महत्त्वाची आहे की मी बाकी काहीही त्याआधी करणार नाही.

नंतर चाक उचलून, स्टँड लावून, वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलाई) जाणवला तर कुणाला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो सांधा).

लाल माती:
वरच्या सगळ्याला दुजोरा. त्यात कॅस्टरची (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) भर घाला. लिफ्टमुळे ॲक्सल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो, मग चाक सरळ राहायची ओढच कमी पडते. अलाइनमेंटच्या कागदावरचा आकडा मॅन्युअलशी ताडून बघा. टायरमध्ये हवा गरजेपेक्षा जास्त आहे का, तेही.

चाकोरीबाहेर:
डँपर इतकाही निकालात काढू नका. 2018-19 च्या जीप रँग्लर जेएलवर अशाच तक्रारी आल्या तेव्हा कंपनीने 2019 मध्ये नव्या रचनेचे डँपर बसवून दिले होते.

डोंगरवाट:
बरोबर. पण ताईंच्या गाडीत लिफ्टनंतर गोष्टी बदलल्या आहेत आणि त्यांचा डँपर दोन्हीकडे जोर देतोय. म्हणून आधी ढिलाई.

मूळ प्रश्नकर्ती:
सापडलं! पॅनहार्ड रॉडचं ॲक्सलकडचं टोक. स्टिअरिंग हलवलं की बोल्ट आधी टकटक सरकतो, मग रॉड हलतो. बोल्ट काढला तर ब्रॅकेटचं भोक लांबट झालंय आणि बोल्टवर खाच पडलीये. जास्त कसून आवळला तर चालेल का?

डोंगरवाट:
नाही. थोडे दिवस धरेल आणि पुन्हा सुटेल. ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना अचूक मापाच्या भोकाची जाड पट्टी वेल्ड करून घ्या, किंवा ब्रॅकेटच नवा लावा. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि रॉडसुद्धा काढा, नाहीतर बुशचं रबर जळेल. नवा बोल्ट मॅन्युअलमधल्या मापाचा आणि ग्रेडचा घ्या. भोकात त्याचा गुळगुळीत भाग बसायला हवा, आटे नाहीत. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असतानाच, टॉर्क रेंचने. हवेत लटकत असताना आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. थोडी गाडी चालवून पुन्हा तपासा.

लाल माती:
लिफ्टमुळे ॲक्सल बाजूला सरकला असेल, तर लांबी जुळवता येणारा रॉड लागेल. नुसता एका टोकाचा ब्रॅकेट उंच करू नका. पॅनहार्ड रॉड आणि ड्रॅग लिंक समांतर राहिले नाहीत तर प्रत्येक उंचवट्यावर स्टिअरिंग आपणहून वळेल.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. ब्रॅकेट वेल्ड झाला, नवा बोल्ट टाकला, टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असण्याचं माप) जुळवून घेतला. त्याच खड्ड्यांवरून त्याच वेगात नेली, झटके पूर्ण बंद. डँपर जुनाच आहे. मात्र 80 च्या पुढे स्टिअरिंग थोडं हलकं, भिरभिरतं वाटतं, आणि कागदावर कॅस्टर 2.5 अंश आलाय, मॅन्युअलपेक्षा बराच कमी. कॅस्टर वाढवायला ऑफसेट बुश (भोक मध्यभागी नसलेले बुश) टाकायचा विचार आहे. त्याने ॲक्सल फिरून पिनियन (प्रोपेलर शाफ्ट जिथे ॲक्सलला जोडतो तो गिअर) खाली झुकतो असं वाचलं. ज्यांनी बसवलेत त्यांच्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टला (पुढच्या ॲक्सलला ताकद पोचवणारा फिरता दांडा) थरथर सुरू झाली का?