म्हात्रे आडनाव: १८८० च्या मागचे कागद कुठे शोधावेत? मदत हवी आहे

घणसोलीतल्या एका म्हात्रे घराण्याचा माग काढतोय. हेच आडनाव कळवा, पनवेल, उरण, अलिबागपर्यंत आगरी, कोळी अशा वेगवेगळ्या समाजांत आहे. त्यामुळे सगळे एकाच मूळ गावातून पांगले, यावर माझा फारसा विश्वास नाही. गावच्या प्रमुखाला 'म्हातारा' म्हणत. त्या हुद्द्यावरून गावोगावी स्वतंत्रपणे आडनाव पडलं असावं, हे जास्त पटतं.

तहसीलमधले जुने फेरफार आणि गाव नमुना १४ (कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही) पाहून झालं. साधारण १८८० पर्यंत साखळी जुळते. त्यामागे आडनावच गायब, फक्त 'अमुक बिन (म्हणजे मुलगा) तमुक'. एकाच नावाचे दोन खातेदार आले की आजोबाचं नाव आणि शेताचं नाव जुळवून वेगळे करतोय. सर्व्हे नंबरवर विसंबता येत नाही, फेरमोजणीत ते बदलतात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांची नामावळी (यजमान घराण्यांच्या वंशावळीची वही) अजून पाहायची आहे.

पनवेल १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं, म्हणून तिकडच्या नातलग शाखेचे त्याआधीचे कागद अलिबागला शोधत नाही. मोडी वाचता येते, पोर्तुगीज नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात जाऊ शकतो, पण रुमालांचा (कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांचा) नेमका विभाग माहीत असेल तरच. तिथे अंदाजाने बसण्यात अर्थ नाही. कुलदैवत, देवक यांची माहिती आहे, ती नको.

साष्टी आणि बेलापूर भागातल्या मराठी अंमलाचे गाववार कागद पुणे पुराभिलेखागारात कोणत्या दप्तरात मिळतात? आणि त्यात 'म्हातारा' हा हुद्दा आहे की आडनाव, हे तुम्ही कशावरून ठरवता?