नकाराविरुद्ध अपील आहे, मग होकाराविरुद्ध का नाही?

बांधकामाची किंवा प्रकल्पाची परवानगी नाकारली तर अर्जदाराला अपील करता येतं. पण चुकीची परवानगी दिली गेली, तर शेजारच्याने जायचं कुठे? इंग्लंडमध्ये त्याच्यापुढे कोर्ट एवढाच मार्ग आहे. तोही सहा आठवड्यांत, आणि कोर्ट कायदा पाळला का एवढंच बघतं. निर्णय मुळात बरा होता का, यात पडत नाही. आयर्लंडमध्ये १९६३ च्या कायद्यापासून इतरांनाही अपिलाचा हक्क आहे.

या इतरांना 'त्रयस्थ' म्हणतात, ते मला फार खटकतं. ज्याच्या खिडकीपुढे भिंत उभी राहणार, ज्याची विहीर आटणार, तो त्रयस्थ कसा? हा हक्क सगळीकडे हवा.

प्रतिसाद १
असहमत. आयर्लंडचंच बघा. ॲपलने २०१५ मध्ये ॲथेनराय इथे ८५ कोटी युरोंचं डेटा सेंटर जाहीर केलं. स्थानिक परिषदेने त्याच वर्षी होकार दिला. मग अपील, मग कोर्ट. मे २०१८ मध्ये कंपनीने नाद सोडला. दोन-तीन हरकतदारांपायी अख्ख्या गावाचा रोजगार गेला.

धागाकर्ता
तारखा नीट लावा. परिषदेचा होकार सप्टेंबर २०१५ चा, अपील मंडळाचा ऑगस्ट २०१६ चा. म्हणजे अपिलात गेले अकरा महिने. पुढची जवळपास दोन वर्षं कोर्टकचेरीत गेली, आणि कोर्ट तर इंग्लंडमध्येही आहेच! अकरा महिने जास्तच, मान्य. मंडळाला मुदत घाला, हक्क कशाला काढता?

प्रतिसाद २
धाग्याशी सहमत. अरुणाचलमधला ७८० मेगावॅटचा न्यामजांग छू जलविद्युत प्रकल्प आठवा. काळ्या मानेचे क्रौंच जिथे हिवाळा काढतात, नेमकी तीच जागा. पर्यावरण आघात अहवालात मात्र या पक्ष्याचा पत्ताच नाही. तिथल्या लोकांची संघटना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलात गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये मंजुरी स्थगित झाली. क्रौंच दर हिवाळ्यात येतात हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत. त्याला अपिलाचा हक्क नसता, तर तो अहवाल तसाच खपून गेला असता.

प्रतिसाद १
धरणाचं पटलं. घरांचं नाही. वस्तीत नवी घरं होणार म्हटलं की अपिलात कोण जातो? ज्याचं स्वतःचं घर आधीच आहे, ज्याच्याकडे वेळ आणि वकील आहे तो. ज्यांना ती घरं मिळायची, ते अजून तिथे राहतच नाहीत. त्यांची बाजू कोण मांडणार? निवडून दिलेल्या लोकांनी ठरवायचं आणि एकाने अडवायचं, हे मला लोकशाहीत बसत नाही.

धागाकर्ता
वकिलाचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो कोर्टाला जास्त लागू पडतो. अपिलाला वकील लागतोच असं नाही. आयर्लंडच्या २००० च्या कायद्यात अट होती, की आधी स्थानिक पातळीवर लेखी म्हणणं मांडलेलं असलं तरच अपील, तेही चार आठवड्यांत. निव्वळ अडवणूक किंवा पैसे उकळणं हा हेतू दिसला तर अपील फेटाळायचा अधिकार मंडळाला होता. एवढी चाळणी लावल्यावरही जो उरतो, त्याचं ऐकायला हरकत काय?

प्रतिसाद २
मुदतीबद्दल एक. आपल्याकडे हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात अपिलाला तीस दिवस आहेत, सबळ कारण असेल तर आणखी साठ. पण मोजायचे कधीपासून? न्यामजांग छूच्या वेळी हाच वाद झाला होता, आणि निर्णय लोकांपर्यंत रीतसर पोचल्यापासून, असं न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये सांगितलं. मंजुरी फाइलमध्ये पडून राहिली आणि गावाला कळलं ते जेसीबी आल्यावर, तर ते तीस दिवस काय कामाचे?

प्रतिसाद १
त्यावर वाद नाही. घरांबाबत माझं मत तेच.