इंधन वाचवणारं ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेत हवं की नको?

चौथा_गिअर
लायसन्स देताना माणूस गाडी कुठे न ठोकता चालवतो का, एवढंच बघतात. तीच गाडी कमी इंधनात कशी चालवायची हे कुणी शिकवत नाही. माझ्या मते हे परीक्षेतच असावं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, डिझेलचा त्याहून जास्त. आणि शिकायचं तरी किती? लांबवर नजर, लाल सिग्नल दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढणं, वरचा गिअर वेळेत टाकणं, टायरमध्ये पुरेशी हवा. युरोपीय संघात 2003 च्या निर्देशापासून ट्रक-बसचालकांना दर पाच वर्षांनी 35 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, त्याच्या अभ्यासक्रमात इंधनबचतही येते. मग बाकीच्यांना का नको?

फिरकी_गोलंदाज
अजिबात पटलं नाही. प्रशिक्षणानंतरचे पहिले काही आठवडे सगळे शहाण्यासारखे चालवतात, मग पाय जुन्या सवयीवर येतो. तुम्ही युरोपचं उदाहरण दिलंत, तर तिथल्याच अवजड ट्रकना ताशी 90 किलोमीटरवर अडवणारं यंत्र बसवलेलं असतं, हेही सांगा की. चालकाच्या सद्बुद्धीवर भिस्त ठेवली नाही त्यांनी. अमेरिकेनेही तेलटंचाईत 1974 साली सरळ 55 मैलांची वेगमर्यादा लावली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 ऐवजी 100 ने गेलात की तो दीडपटीहून जास्त. वेग आवरा, निम्मं काम तिथेच झालं.

उतारावरचा
एवढा काथ्याकूट कशाला? उतार आला की न्यूट्रल करायचं. आम्ही वर्षानुवर्षं तेच करतो.

नोझल
@उतारावरचा, हे कार्ब्युरेटरच्या (हवा-इंधन मिसळून देणाऱ्या जुन्या भागाच्या) काळात ठीक होतं. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलात, की इसीयू (इंजिनवर नियंत्रण ठेवणारा संगणक) इंधन बंदच करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात, त्यामुळे खर्च शून्य. न्यूट्रल केलंत की इंजिन चालू ठेवायला पुन्हा इंधन लागतं. वर इंजिनचा ब्रेकही गेला, सगळा भार ब्रेक पॅडवर, लांब उतारावर ते तापून निकामी होऊ शकतात. म्हणजे बचत तर नाहीच, जीवही टांगणीला. लाल सिग्नलकडे जातानाही हेच गणित: गिअरमध्येच राहा, पाय काढा, अगदी शेवटी क्लच.

आता मूळ धाग्याबद्दल. हा एक गैरसमज जुन्याजाणत्यांमध्येही इतका घट्ट असेल, तर शिकवायची गरज नाही असं कसं म्हणता? वेगमर्यादेची पाटी हे सांगत नाही.

उतारावरचा
बरं. माझी गाडी जुनी आहे, असो.

स्टेअरिंगवाला
पोटापाण्यासाठी गाडी चालवतो म्हणून लिहितोय. प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं येतं हो. पण डिझेलचे पैसे मालकाचे आणि उशिराचा दंड माझा, तर मी सावकाश का जाऊ? आता गाडीत ट्रॅकर बसवलाय. जोरात ब्रेक मारला की ऑफिसातून फोन. वेळापत्रक मात्र तेच. वाचलेल्या डिझेलमधला थोडा हिस्सा चालकाला द्या, मग वर्गाची वाट बघायची नाही कुणी.

चौथा_गिअर
@स्टेअरिंगवाला, हिश्शाचं एकदम मान्य, प्रशिक्षणासोबतच हवा तो. पण फिरकी, स्वतःच्या पैशाने पेट्रोल भरणाऱ्याला ना मालक ना वेळापत्रक. तरी तो पुढचा सिग्नल लाल दिसत असताना पेडल दाबतो आणि तिथे जाऊन करकचून ब्रेक मारतो. तिथे वेग मर्यादेतच असतो. तुमचं यंत्र काय पकडणार?

फिरकी_गोलंदाज
काही नाही पकडणार. पण त्याला तुमच्या परीक्षेत बसवलंत, तर तिथे तो छान हळू चालवून पासही होईल. त्यापेक्षा लिटरमागे किती किलोमीटर पडतात, तो आकडा त्याच्यासमोर सतत ठेवा. पैसे त्याचेच जातायत, बघेल की.

नोझल
तो आकडा बऱ्याच गाड्यांत आधीपासूनच दिसतो. बघतंय कोण?