व्हेंडर जितका बांधलेला, तितकी कंपनीची करबचत सोपी?

खतावणी: नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत ज्या व्हेंडरचा (कंपनीला माल किंवा काम पुरवणाऱ्याचा) जवळपास सगळा धंदा एकाच कंपनीवर चालतो, तिथे दोघांचं करनियोजन एकाच टेबलावर होतं, असं माझं ठाम मत आहे. 1961 च्या आयकर कायद्यातलं (31 मार्च 2026 पर्यंत लागू असलेल्या) कलम 115बीएबी बघा. 31 मार्च 2024 पर्यंत उत्पादन सुरू केलेल्या नव्या कंपनीला 15 टक्के, जुनीला 115बीएए खाली 22 (अधिभार, उपकर वेगळे). व्हेंडर अशी नवी कंपनी असेल, तर तिला जॉबवर्कचा (दुसऱ्याच्या मालावर काम करून देण्याचा) दर चढा लावला की नफा आपोआप 15 च्या खात्यात.

ताळेबंद: आपोआप कसा? त्याच कलमात तरतूद आहे: जवळच्या संबंधामुळे नेहमीपेक्षा जास्त नफा दाखवला, तर अधिकारी जादा रक्कम बाजूला काढून त्यावर 30 टक्के लावतो. 22 ऐवजी 15 करून सात टक्के वाचवायला जाऊन 30 भराल, म्हणजे आठ जादा. शिवाय नातेवाइकांच्या फर्मला वाजवीपेक्षा जास्त दिलेलं त्याच कायद्याच्या कलम 40ए(2) खाली खर्च म्हणून नामंजूर होतं.

जॉबवर्कवाला: दोघंही मोठ्या कंपन्यांचंच बोलताय. इथला खरा खेळ पेमेंटचा. त्याच 1961 च्या कायद्यातल्या 43बी(एच) नुसार सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर खर्चाची वजावट ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. समजा 20 फेब्रुवारी 2025 ला माल स्वीकारला, करार 45 दिवसांचा. मुदत 6 एप्रिल. 5 ला दिले तर वजावट आधीच्याच वर्षात. 10 ला दिले तर 10 लाखांचं बिल पुढच्या वर्षात सरकलं आणि 22 टक्क्यांनी 2.20 लाखांचा कर वर्षभर आधी भरावा लागला. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) 90 दिवस छापलेत म्हणून काही फरक पडत नाही.

खतावणी: म्हणून तर मार्चचा माल गेटवर घेऊन जीआरएन (माल स्वीकारल्याची नोंद) एप्रिलमध्ये काढतात, म्हणजे मुदत उशिरा सुरू! बांधलेला व्हेंडर तोंड उघडत नाही.

ताळेबंद: काढू द्या. डिलिव्हरीपासून 15 दिवसांत लेखी हरकत नसेल, तर डिलिव्हरीचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस. गेटची इनवर्ड नोंद आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटी परवाना) मार्चचंच दिसतं.

जॉबवर्कवाला: कागदावर बरोबर. पण "उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद) काढून टाक, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे" असं म्हटलं तर? नोंदणीच नसेल तर कंपनी 43बी(एच) चा हिशोबच करत नाही. तुमच्या मुद्द्यातलं हे भोक बुजत नाही, साहेब. उलट जीएसटीत दोरी दुसऱ्या बाजूनेही ओढते: व्हेंडरने जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र) भरला नाही तर कंपनीच्या 2बी मध्ये (मिळू शकणाऱ्या क्रेडिटच्या पत्रकात) बिल येत नाही आणि कंपनीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, अडकतं. पण तिथेही कंपनी काय करते? बिलातली जीएसटीची रक्कम रोखून धरते.

ताळेबंद: रोखते खरी. पण 180 दिवसांत बिलाची पूर्ण रक्कम व्हेंडरला दिली नाही, तर तेवढं क्रेडिट व्याजासकट उलटवावं लागतं. हे परचेसवाल्यांना सांगा एकदा.